इंग्लंडमधील जुना पब कसा पाहावा: भिंत, पाटी आणि दप्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या किती तरी घरांतील मुले आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही आता कमी नाहीत. ही मंडळी लंडनचा किल्ला पाहतात, राजवाडा पाहतात, संग्रहालये पालथी घालतात. परंतु मुलगा किंवा मुलगी ज्या गावात राहते तेथील कोपऱ्यावरचा पब मात्र दारूचे दुकान म्हणून नजरेआड करतात. वास्तविक चर्च सोडले, तर गावातील सर्वांत जुनी वापरती इमारत अनेकदा पबचीच असते. तेथे शिरल्यावर दारू घेतलीच पाहिजे असे मुळीच नाही. चहा, कॉफी किंवा जेवण बहुतेक ठिकाणी मिळते, जेवणाच्या वेळी लहान मुलांनाही सहसा नेता येते, आणि काय हवे ते स्वतः काउंटरवर जाऊन सांगायचे व तेथेच पैसे द्यायचे, एवढी रीत पाळली की कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. निर्व्यसनी माणसानेही निःसंकोच जावे आणि इमारत नीट पाहावी, यासाठी हे टिपण आहे.

आरंभीच एक नियम सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे: दर्शनी भिंतीवर आणि दारावर रंगवलेल्या सालावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा. याचा सराव येथूनच करून जाता येतो. खडे बाजारात एखाद्या दुकानाचा पुढचा भाग चकचकीत पत्र्याने मढवलेला असतो. पण मागच्या बोळातून पाहिले, तर त्याच इमारतीची कौले, सागवानी खांब आणि मातीची भिंत दिसते. इंग्लंडमधील पबांचेही असेच आहे. धंद्याच्या इमारतीचा चेहरा प्रत्येक पिढीत बदलतो, मागची बाजू मात्र कोणी खर्च करून बदलत नाही.

आधी प्रकार ओळखावा

आज सर्वांनाच पब म्हणतात, पण त्यांची मुळे तीन वेगवेगळ्या धंद्यांत आहेत. पहिला प्रकार इनचा. येथे प्रवाशाला खोली, जेवण आणि घोड्याला तबेला मिळे, म्हणून त्याची इमारत मुद्दाम बांधलेली आणि मोठी असे. दुसरा प्रकार टॅव्हर्नचा. हा शहरात असे, तेथे वाइन विकली जाई आणि गिऱ्हाईक पैसेवाले असे. तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा प्रकार एलहाउसचा. एखादे कुटुंब, पुष्कळदा एखादी विधवा, घरीच बार्लीची एल (एक प्रकारची बिअर) बनवून पुढच्या खोलीत विकत असे. एलहाउसला स्वतःची अशी वास्तुरचना नव्हतीच. ते साधे राहते घर होते. त्यामुळे खेड्यातील लहानशा पबात भव्य कमान किंवा सज्जा दिसला नाही म्हणून ती इमारत नवी ठरत नाही.

कायद्याच्या दोन तारखा ध्यानात ठेवल्या, तर पुढचे बरेच कोडे सुटते. १५५२ साली एलहाउस चालवण्यासाठी स्थानिक न्यायाधीशांचा परवाना बंधनकारक झाला. दुसरी तारीख १८३० ची. जिन या कडक दारूपेक्षा बिअर बरी, आणि बिअरच्या धंद्यात स्पर्धा वाढली तर ती स्वस्त होईल, अशा विचाराने त्या वर्षीच्या बिअरहाउस कायद्याने कर भरणाऱ्या कोणाही घरमालकाला दोन गिनी (सुमारे दोन पौंड) शुल्क भरून बिअर विकण्याची मुभा दिली. न्यायाधीशाकडे जाण्याचीही गरज उरली नाही. आठ वर्षांत अशी चाळीस हजारांहून अधिक दुकाने उभी राहिली, आणि अखेर १८६९ च्या कायद्याने हे सारे पुन्हा न्यायाधीशांच्या हाती सोपवावे लागले. कामगारवस्तीच्या रांगेतील, शेजारच्या घरांसारख्याच दोन खिडक्यांचा आणि एका दाराचा पब दिसला, तर तो या लाटेतला असण्याची शक्यता प्रथम पडताळावी.

समोरून न जाता मागून जावे

पबसमोर पोहोचताच आत शिरू नये. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूस उभे राहावे आणि प्रथम छप्पर पाहावे. आढे मध्येच खचलेले आहे का, छपराचा उतार अवाजवी तीव्र आहे का, विटांचे जाड धुराडे इमारतीच्या मध्यावर आहे की टोकाला, हे पाहावे. सपाट, शिस्तीत बांधलेल्या विटांच्या दर्शनी भिंतीमागे वाकडेतिकडे उंच छप्पर दिसले, तर जुन्या लाकडी सांगाड्यावर नंतर नवी भिंत चढवलेली आहे असे बहुधा समजावे. अठराव्या शतकात हा उद्योग सर्रास चालला, कारण लाकडी घर खेडवळ दिसते असे लोकांना वाटू लागले होते.

यानंतर बाजूची गल्ली किंवा कमान शोधावी. घोडागाडी आत जाईल एवढी उंच कमान असेल, तर ती इमारत इनची होती. कमानीच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली दगडाचे किंवा लोखंडाचे ठोकळे असतात. चाकाचा तुंबा भिंतीला घासू नये म्हणून ते बसवलेले असत. ते झिजलेले असतील, तर त्यावर हात फिरवून पाहावा. एवढी झीज खोटी करता येत नाही. कमानीतून आत चौक लागतो. त्याच्या एका किंवा अनेक बाजूंना वरच्या मजल्यावर लाकडी कठड्याचा उघडा सज्जा असेल आणि त्या सज्जात खोल्यांची दारे उघडत असतील, तर ती फार मोलाची गोष्ट आहे, कारण अशी इन आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

लंडनमध्ये असे एकच उरले आहे: लंडन ब्रिज स्थानकाजवळ, सदर्क भागातील द जॉर्ज. १६७६ च्या आगीत तो भाग भस्मसात झाल्यावर १६७७ साली ते पुन्हा बांधले गेले. पूर्वी सज्जे चौकाच्या तीन बाजूंना होते. रेल्वे कंपनीने ती जागा गोदामासाठी घेतली आणि १८८९ साली दोन बाजू पाडून टाकल्या. आज दिसते ती फक्त दक्षिणेकडची बाजू. १९३७ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. रेल्वेने आधी इनचा धंदा मारला आणि नंतर इमारतही गिळली, हे एका चौकात उभे राहून पाहायचे असेल तर याहून चांगली जागा नाही. चौक पुरा पाहायचा असेल, तर ग्लॉस्टर शहरातील न्यू इन पाहावे. नावात नवे असले, तरी ते पंधराव्या शतकाच्या मध्यात तेथील मठाने यात्रेकरूंसाठी बांधले आहे.

या इनांचा सुवर्णकाळ फार लांबला नाही. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टल ते लंडन टपालाची पहिली घोडागाडी धावली. त्यानंतर सुमारे अर्धशतक महामार्गावरील इन भरभराटीस आली, ठरावीक मैलांवर घोडे बदलले जाऊ लागले आणि चौकाभोवती तबेले वाढत गेले. १८३० ते १८५० या काळात लोहमार्ग आला, तेव्हा तेच तबेले ओस पडले. आज पबमागे जी मोटारी लावायची जागा दिसते, ती अनेकदा या तबेल्यांचीच असते.

लाकूड आणि कूड

जांबोटी-कणकुंबीकडच्या जुन्या घरांत कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमातीचा गिलावा दिलेला कूड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या भिंती वेगळ्या शिकाव्या लागणार नाहीत. तेथे कारवीऐवजी हेझल झाडाच्या काठ्या असतात, लिंपणात चिकणमाती, पेंढा आणि शेण असते, आणि पाऊस लागू नये म्हणून वरून चुन्याचा हात दिलेला असतो. फरक सांगाड्यात आहे. आपला सुतार मुरलेले सागवान वापरत असे. तेथे ओक झाडाचे ओले लाकूड वापरीत, कारण वाळलेला ओक कापणे फार जड जाते. ओले लाकूड जागेवर वाळताना पिळवटते आणि तडकते. म्हणून जुन्या पबातील वाकलेली तुळई पाहून सुतार अडाणी होता असा निष्कर्ष काढू नये.

सांध्याजवळ डोळे नेऊन पाहावे. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, भोकात बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकलेली असते. मूळच्या सांध्यात लोखंडी खिळा नसतो. खुंटीच्या आसपास टोकदार हत्याराने कोरलेल्या बारीक रेघा दिसल्या, तर त्या सुताराच्या खुणा आहेत. सांगाडा आधी कारखान्याच्या आवारात जमिनीवर जुळवून, नंतर सुटा करून जागेवर नेऊन उभा करीत. कोणता खांब कोठे बसतो हे कळावे म्हणून रोमन आकडे कोरलेले असत. त्यांत चारासाठी बहुधा चार सरळ रेघाच दिसतात; घड्याळाच्या तबकडीवरची वजाबाकीची पद्धत सुतार सहसा वापरत नसत. एखाद्या भिंतीत आकडे ओळीने लागत असतील, तर तो सांगाडा एकाच वेळचा आहे. मध्येच क्रम तुटला, किंवा तुळईवर ज्यात आता काहीच बसलेले नाही असे रिकामे भोक दिसले, तर लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणलेले आहे किंवा मूळची भिंत काढून टाकली आहे.

वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर पुढे आलेला असेल, तर ती रचना मध्ययुगापासून सुमारे सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंतची असते. एकमेकांना अगदी चिकटून उभे केलेले खांब मजबुतीसाठी नव्हते. एवढे लाकूड आपल्याला परवडते हे दाखवण्यासाठी होते. काळ्याभोर लाकडांचा आणि पांढऱ्याशुभ्र भिंतींचा जो देखावा सर्वांना ‘अस्सल’ वाटतो, तो बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील हौसेचा परिणाम आहे. त्यापूर्वी ओक बहुधा रंगाविना किंवा चुन्याखालीच असे. त्यातही एक धोका आहे. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या मधल्या काळात बिअर कंपन्यांनी हमरस्त्यांवर शेकडो नवे पब ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातील, थाटात बांधले. त्यांतील ‘लाकूड’ म्हणजे विटांच्या भिंतीवर ठोकलेल्या फळ्या असतात. सांध्यात खुंटी नाही, सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या आणि करवतीने सरळ कापलेल्या आहेत, असे दिसले की ओळखावे. या इमारती वाईट नाहीत, काही तर फार देखण्या आहेत; फक्त त्यांचे वय शंभरीच्या आसपासचे आहे.

विटा आणि खिडक्या

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पातळ, वेड्यावाकड्या विटा साधारणपणे जुन्या आणि जाड, सारख्या विटा नंतरच्या. १७८४ ते १८५० या काळात विटांवर नगावारी कर होता. बंद केलेली खिडकी दिसली की वाटाड्ये लगेच १६९६ ते १८५१ च्या खिडकीकराचे नाव घेतात. पण कित्येक आंधळ्या खिडक्या केवळ दर्शनी भाग समतोल दिसावा म्हणून मुळातच तशा बांधलेल्या असतात. लंडन शहरात मात्र एक उपयोगी खूण आहे: १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घेणे सक्तीचे झाले. केंट आणि ससेक्स भागात भिंत विटांची दिसली, तरी तिचा कोपरा तपासावा, कारण तेथे विटेसारखी दिसणारी कौले लाकडी भिंतीवर लटकवण्याची पद्धत होती.

आत शिरल्यावर

प्रथम चूल पाहावी. विटांची मोठी, माणूस आत उभा राहील एवढी शेकोटीची जागा असेल, तर तिच्या वरची आडवी तुळई निरखावी. तिच्यावर थेंबाच्या आकाराचे, बोटभर लांबीचे काळे डाग दिसतात. ते अपघाताने झालेले नसतात. मेणबत्ती किंवा पेटती काडी एका कोनात बराच वेळ धरल्याखेरीज तसा खोल, टोकदार डाग पडत नाही. आगीपासून आणि दुष्ट शक्तींपासून घराचे रक्षण व्हावे म्हणून ते मुद्दाम केले जात, असे अभ्यासकांचे मत आहे. जवळच कंपासाने कोरलेली फुलासारखी वर्तुळेही सापडतात. माळ्यावर जाण्याची परवानगी मिळाली, तर वासे पाहावेत. ते काजळीने काळे झाले असतील, तर धुराडे बांधण्यापूर्वी खाली उघडा दालनवजा भाग होता आणि त्याच्या मध्यावर आग पेटत असे, याचा तो पुरावा आहे. असे घर सोळाव्या शतकापूर्वीचे असण्याचा संभव मोठा.

उंच काउंटर ही मात्र जुनी गोष्ट नव्हे. एलहाउसमध्ये नोकर तळघरातून भांडे भरून आणी आणि टेबलावर देई. तळघरातील पिंपातून वरच्या मजल्यावर बिअर खेचणाऱ्या हातपंपाचे पेटंट जोसेफ ब्रामाने १७९७ साली घेतले. त्यानंतर एका जागी उभे राहून शेकडो गिऱ्हाइकांना वाढणे शक्य झाले, आणि काउंटर हा पबचा मध्य झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या काउंटरभोवती लाकडी आणि काचेच्या पडद्यांनी लहान लहान कप्पे केले जात: कष्टकऱ्यांसाठी एक, बाबू लोकांसाठी गालिचा असलेला दुसरा, आणि घरी नेण्यासाठी बिअर भरून देण्याची एक खिडकी. वर्गभेदाचा नकाशाच लाकडात कोरलेला असे म्हणायला हरकत नाही. विसाव्या शतकात हे कप्पे बहुतेक ठिकाणी पाडून एकच मोठी खोली केली गेली. म्हणून एकाच पबला दोन-तीन बाहेरची दारे दिसली, किंवा छताच्या नक्षीत मध्येच रेघ तुटलेली दिसली, तर पाडलेल्या पडद्यांची जागा तेथे मिळते. कोरीव काच, चकाकी दिलेल्या फरशा आणि महोगनीचे काम जिवंत पाहायचे असेल, तर लंडनच्या हॉबर्न भागातील प्रिन्सेस लुईझ पाहावे. त्याचे अंतरंग १८९१ चे आहे. लिव्हरपूलचे फिलहार्मॉनिक डायनिंग रूम्स हे त्याहून भव्य. २०२० साली त्याला पहिल्या श्रेणीचे संरक्षण मिळाले.

पाटी काय सांगते आणि काय सांगत नाही

१३९३ साली, दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, एल विकणाऱ्यांनी पाटी लावावी असा दंडक झाला. बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून पाटीवर चित्र असे. पांढरे हरिण हे त्याच राजाचे चिन्ह. ओक वृक्षाचे चित्र म्हणजे १६५१ च्या लढाईत हरल्यावर झाडात लपून बसलेला दुसरा चार्ल्स. नाव कोणत्या काळाच्या आधीचे असू शकत नाही एवढे पाटीवरून कळते, इमारतीचे वय कळत नाही. नाव बदलायला रंगाचा एक डबा पुरतो.

बेळगावकडच्या माणसाने ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ नावाचा पब दिसला तर थोडे थांबावे. ड्यूक होण्यापूर्वीचा हा आर्थर वेलस्ली १८०० च्या जुलैअखेरीस आपल्याच जिल्ह्यात होता. मलप्रभेच्या काठी मनोळीजवळ (आजची मुनवळ्ळी) त्याने इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या धोंडिया वाघाच्या तळावर छापा घातला आणि सप्टेंबरात धोंडिया मारला गेला. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईने त्याला कीर्ती मिळवून दिली. आणि १८३० चा बिअरहाउस कायदा झाला तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान तोच होता. त्यामुळे या नावाचे पब दोन कारणांनी निघाले, आणि नावावरून लढाईचा की कायद्याचा हे ठरत नाही.

दप्तर कोठे शोधावे

इमारत पाहून झाल्यावरच कागदांकडे वळावे, नाहीतर डोळे कागदात लिहिलेलेच शोधत बसतात. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेची संरक्षित वास्तूंची यादी इंटरनेटवर विनामूल्य आहे. पबचे नाव आणि गाव टाकले की श्रेणी आणि वर्णन मिळते. जुनी वर्णने अगदी त्रोटक असतात, काहींत आतल्या भागाचा उल्लेखही नसतो. उल्लेख नाही म्हणजे आत काही नाही असे नव्हे.

यापुढचे काम जिल्ह्याच्या अभिलेखागारात होते. घराचा इतिहास शोधताना आपण जसा सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा काढतो, तसे तेथे १८३६ नंतरच्या दशांशकराच्या नकाशांत जमिनीचा मालक आणि कब्जेदार सापडतो. १७५३ ते १८२८ या काळातील परवानाधारकांच्या नोंदवह्या टिकल्या असतील, तर वर्षागणिक चालकाचे नाव मिळते. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातील माणसे मिळतात, फक्त १९३१ ची कागदपत्रे आगीत गेली. १९०२ नंतर पबात बांधकामाचा फेरफार करायचा झाल्यास न्यायाधीशांची मंजुरी लागे, म्हणून त्या काळचे आराखडे न्यायालयाच्या दप्तरात असू शकतात. पाडलेले कप्पे कोठे होते हे सर्वांत अचूक तेथेच कळते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, आणि त्यांवर पब ‘पी. एच.’ तर बिअरहाउस ‘बी. एच.’ अशा अक्षरांनी दाखवलेले असते.

‘इंग्लंडमधील सर्वांत जुना पब’ अशी पाटी अनेक ठिकाणी भेटते. नॉटिंगहॅमच्या ट्रिप टू जेरुसलेमवर ११८९ हे साल रंगवलेले आहे, खडकात कोरलेल्या त्याच्या गुहा खरोखर विलक्षण आहेत, परंतु आजची इमारत सतराव्या शतकाच्या मध्याची आहे. सेंट ऑल्बन्सच्या फायटिंग कॉक्सचा अष्टकोनी सांगाडा मुळात मठाच्या कबुतरखान्याचा होता आणि १५३९ मध्ये मठ बंद झाल्यानंतर तो आजच्या जागी हलवला गेला. जागा जुनी, इमारत त्यानंतरची आणि परवाना आणखी नंतरचा, असे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ओळींत लिहावीत.

नोंद लिहिताना प्रत्येक भागाला स्वतंत्र काळ द्यावा: मागचा सांगाडा अमुक शतकाचा, पुढची भिंत तमुक काळातील, काउंटर त्यानंतरचा. त्यापुढे तसे म्हणण्याचे कारण एका वाक्यात लिहावे, आणि जे चालकाच्या तोंडून ऐकले त्याला तसेच ‘ऐकीव’ असे चिन्ह करावे. भुताच्या आणि भुयाराच्या गोष्टी जवळपास प्रत्येक पबात सांगितल्या जातात; त्या ऐकीवच्या रकान्यात जातील. छायाचित्र घेताना शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे विटेची जाडी नंतर मोजता येते. तळघर किंवा माळा पाहायचा असेल, तर दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असताना विचारावे. रविवारच्या जेवणाच्या गर्दीत विचारल्यास नकारच मिळेल आणि तो रास्तही असेल.